लेकराला नर्सरीत घालताना या चुका टाळा

मे महिना लागला की लातुरात चौकाचौकात नर्सरी-केजीचे फलक लागतात आणि आईबाप विचारत येतात, "बाई, आमचं वयात बसतंय का?" वयात बसणं वेगळं आणि लेकरू तयार असणं वेगळं. लहान गटाला शिकवता शिकवता दर जूनला हीच घाई बघते, आणि तिचा त्रास आईबापाला नाही, लेकराला होतो.

सगळ्यांत मोठी चूक तारखेची. राज्याचा नियम सांगतो, ३१ डिसेंबरपर्यंत ३ वर्षं पूर्ण होत असतील तर नर्सरी, ६ पूर्ण होत असतील तर पहिली. हे कमीत कमी वय आहे. त्या वर्षी घातलंच पाहिजे असं त्यात कुठं म्हटलेलं नाही. डिसेंबरात जन्मलेलं लेकरू जूनमध्ये वर्गात येतं तेव्हा जेमतेम अडीच वर्षांचं असतं. शेजारी बसलेलं जानेवारीचं लेकरू जवळपास साडेतीनचं. मोठेपणी अकरा महिन्यांनी काही फरक पडत नाही, पण अडीच वर्षांच्या जिवाचं ते एक तृतीयांशाहून जास्त आयुष्य असतं.

असंच डिसेंबरचं एक पोरगं आमच्याकडं आलं होतं. वडील म्हणाले, "ह्याला शंभरपर्यंत आकडे येतात, वर्ष कशाला वाया घालवायचं?" आकडे खरंच येत होते, रंगांची इंग्रजी नावंही पाठ होती. पण अनोळखी माणसापुढं "शूला जायचंय" एवढं तोंडातून निघत नव्हतं. घरी आजी न सांगता ओळखायची. त्यात गणवेशाची बटणाची, पट्ट्याची चड्डी. एकदा ती ओली झाली, पोरं हसली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यानं पाणी पिणंच सोडलं. पाऊस लांबलेला, उकाडा आपल्याकडचा. बाटली भरलेलीच परत जाते हे आमच्या मावशींच्या लक्षात आलं, तोवर ताप चढला होता. डॉक्टरांनी लघवीचा संसर्ग सांगितला. बरा झाला, पण गणवेश दिसला की उलटी. मी वडिलांना म्हटलं, घेऊन जा, पुढच्या जूनला आणा. ते म्हणाले, फी भरलीय. दसऱ्यापर्यंत असंच ओढलं. शेवटी आजोबा गावी घेऊन गेले, तिथं ते आजीचं बोट धरून अंगणवाडीत जाऊ लागलं. पुढच्या जूनला परत आलं, दप्तर ठेवलं आणि मलाच विचारलं, "बाई, संडास कुठंय?" त्या वर्षी त्याला काहीच अडलं नाही.

म्हणून प्रवेशाला आलेल्या आईला मी आकडे, एबीसीडी काही विचारत नाही. लेकरू शू-शी अनोळखी बाईला सांगेल का? चड्डी स्वतः खाली-वर करतं का? आपल्या हातानं चार घास खातं का? मामाकडं, आत्याकडं तुमच्याशिवाय दोन-तीन तास राहतं का? यातल्या दोन प्रश्नांना "नाही" आलं आणि जन्म ऑक्टोबर ते डिसेंबरमधला असेल, तर थांबा. साडेसहाव्या वर्षी पहिलीत बसलं तर काही बिघडत नाही. थांबायचं म्हणजे मोबाईल हातात देऊन घरात बसवायचं नाही. तिसरं पूर्ण झालं की अंगणवाडी आहे; ३ ते ६ वर्षांच्या लेकरांना तिथं शिकवतात, फी नाही, पोषण आहार मिळतो. तिथं पाठवायची लोकांना लाज वाटते, ती मला अजिबात पटत नाही.

दुसरी चूक पेन्सिलीची. आमच्या गावाला दहावी-बारावीच्या निकालांनी नाव मिळालं, आणि आता "पाया पक्का" करायचा म्हणून तीन वर्षांच्या हातात रेघांची वही येते. साधारणपणे लेकरू तिसऱ्या वर्षी गोल काढतं, चौथ्या वर्षी अधिकचं चिन्ह, त्रिकोण पाचव्याच्या आसपास. ज्याला तिरपी रेघ जमत नाही, त्याच्याकडून 'अ' घोटून घेताना मनगट दुखतं, आणि लिहिण्याचा राग बसतो तो पुढं कितीतरी वर्षं जात नाही. भुईमुगाच्या शेंगा फोडू द्या, तुरीच्या सोलू द्या, कणकेचे गोळे करू द्या, ज्वारीतले खडे वेचू द्या. बोटांत बळ यायला याहून चांगलं काही मला सापडलेलं नाही. नर्सरीत रोज गृहपाठ देणारी शाळा दिसली, तर मी नातेवाइकांना तिथून उठवून आणते.

"बोलत नाही, शाळेत घातलं की बोलेल" असं म्हणत थांबू नका. तिसरं लागूनही दोन-तीन शब्दांचं वाक्य येत नसेल तर आधी कान तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं, ती तारीख ताईंकडून विचारून घ्या. मात्र बंजारा तांड्यावरचं गोरमाटी बोलणारं किंवा देगलूरकडचं तेलुगू बोलणारं लेकरू वर्गात गप्प असेल, तर ते मागं नाही. ते नवी भाषा ऐकतंय. त्याला वेळ द्या.

"त्रास दिलास तर शाळेत टाकीन" ही धमकी आजच बंद करा.

गेटवर नजर चुकवून पळू नका. "मी बारा वाजता येते" सांगा आणि बाराला या. पहिला आठवडा मी एकच तास ठेवते, आई नाहीतर आजी ओट्यावर बसते.

जन्मतारखेत फेरफार करून वय वाढवू नका. आपल्या आजोबांच्या पिढीत गुरुजींनी १ जून लिहिला तो जन्मभर चिकटला. तुमच्या लेकरालाही खोटी तारीख दाखल्यापासून नोकरीपर्यंत पुरेल.

आणि रडण्याचं म्हणाल तर पहिले दोन-तीन आठवडे बहुतेक लेकरं रडतात, त्याला घाबरू नका. पण महिना उलटूनही जेवण सुटलेलं असेल, सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत आलं असेल, तर लेकराला घरी आणा. यासाठीच वर्षाची फी एकदम भरू नका. हप्ता आहे का ते आधी विचारा, आणि पहिल्या हप्त्यावरच दिवाळीपर्यंत बघा.