शहर बदलताय? आधी सेव्ह फाईल, मग कपाट

आतापर्यंत चार वेळा शहर बदललंय, प्रत्येक वेळी एक पीसी, एक कन्सोल आणि केबल्सचं एक गाठोडं घेऊन, आणि चारही वेळा कशाची ना कशाची वाट लागलीच. त्यामुळे खाली जे आहे ते सगळं ठेच लागून आलेलं शहाणपण आहे. एवढं लक्षात ठेवलं की बाकी आपोआप सुचतं: जे दुकानात परत मिळतं ते टेम्पोत जाऊ दे, जे परत मिळत नाही ते स्वतःच्या पाठीवर. ग्राफिक कार्ड परत मिळतं (पैसे जातात, रडू येतं, पण मिळतं). तीनशे तास घातलेला सेव्ह (गेमने साठवलेली तुमची प्रगती) मिळत नाही.

"माझं सगळं क्लाउडवर आहे" असं म्हणणारे असतात ना, मीपण त्यातलाच होतो. नसतं हो सगळं. स्टीम (पीसी गेमचं ऑनलाईन दुकान) आपला क्लाउड देतं पण प्रत्येक गेम तो वापरत नाही, आणि माइनक्राफ्टच्या जावा एडिशनचे वर्ल्ड तर कुठेच आपोआप जात नाहीत, ते मुकाट्याने तुमच्या पीसीवर ॲपडेटाच्या आत रोमिंगमध्ये डॉट माइनक्राफ्टच्या सेव्ह्ज फोल्डरात पडून असतात. माझं आणि धाकट्या भावाचं चार वर्षांचं वर्ल्ड होतं, त्यात त्याने बांधलेला एक वेडावाकडा दीपस्तंभ होता, ज्याचा जिना वरपर्यंत पोचायचाच नाही. ते वर्ल्ड एका जुन्या हार्ड डिस्कवर, आणि ती हार्ड डिस्क टेम्पोत भांड्यांच्या खोक्यात, कारण "तिथे जागा होती". नव्या घरी जोडली तर आतून टक्... टक्... टक्. बस, संपला विषय. फिरणाऱ्या डिस्कमध्ये वाचणारं डोकं प्लेटच्या अगदी केसाएवढ्याहून कमी अंतरावर असतं, धक्का लागला की कधीकधी कायमचं जातं. एसएसडीत हलणारं काही नसतं म्हणून ती अशा प्रवासाला बरी, तरीपण दोन कॉप्या हव्यातच, एक पाठीवर आणि एक ऑनलाईन कुठेतरी.

तर शिफ्टिंगच्या आठवडाभर आधी एक संध्याकाळ यालाच द्या. पीसीवर बहुतेक सेव्ह चार ठिकाणी लपलेले असतात, डॉक्युमेंट्समधलं माय गेम्स, सेव्ह्ड गेम्स, आणि ॲपडेटातलं लोकल आणि रोमिंग. कुठला गेम कुठे ठेवतो हे पीसीगेमिंगविकीवर गेमच्या नावाने शोधलं की मिळतं. पीएस५ (प्लेस्टेशन ५) वाल्यांनी जरा जास्त लक्ष द्या, पीएस५ गेमचे सेव्ह पेनड्राइव्हवर वेगळे कॉपी करता येत नाहीत, एकतर पीएस प्लस या सबस्क्रिप्शनचा क्लाउड नाहीतर अख्ख्या कन्सोलचा बॅकअप एक्स्टर्नल ड्राइव्हवर. त्याच कन्सोलवर खेळलेल्या पीएस४ गेमचे सेव्ह मात्र यूएसबीवर जातात. निन्टेन्डो स्विचमध्ये अजून एक गंमत, लोक मायक्रोएसडी कार्ड काढून पाकिटात ठेवतात आणि निवांत होतात, पण सेव्ह कार्डवर नसतातच, ते कन्सोलच्या आतल्या मेमरीत असतात. म्हणजे स्विच स्वतः तुमच्याबरोबर यायला हवा. एक्सबॉक्स आपलं आपण क्लाउडवर टाकतो, फक्त शेवटचं बंद करायच्या आधी नेट चालू असताना एकदा सिंक होऊ द्या, राऊटर आधी काढून बसू नका.

आणि बॅकअप उघडून बघा. कॉपी झाली म्हणजे चालते असं नाही.

याच संध्याकाळी टू फॅक्टरचं (लॉगिनला पासवर्डनंतर फोनवरचा कोड मागतात ते) पण उरकून टाका. शहराबरोबर फोन नंबर बदलणार असाल तर जुनं सिम चालू असतानाच सगळ्या अकाउंटवर नवा नंबर घाला, स्टीम गार्डचा (स्टीमच्या टू फॅक्टरचा) रिकव्हरी कोड (आर अक्षराने सुरू होतो तो) कागदावर लिहून घ्या, हो कागदावर, फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवू नका कारण फोन हरवला तरच तो कोड लागणार आहे.

आता घर. घर बघायला गेल्यावर सगळे नळ सोडून बघतात, आपण नेट बघायचं. मोबाईलवर स्पीड टेस्ट करून "मस्त येतंय" म्हणू नका, ती मोबाईल टॉवरची टेस्ट झाली, घरातल्या लाईनची नाही. बिल्डिंगमध्ये फायबर आलंय का आणि कुठल्या कंपनीचं ते शेजाऱ्यांना विचारा, घरमालकाला नको, घरमालकाच्या मते नेट नेहमीच चांगलं असतं. लाईन घरात कुठून येते आणि तुमचं टेबल कुठे लागणार हे पण बघा, मधे दोन भिंती असतील तर लॅन केबलचा रस्ता तेव्हाच मनात आखून ठेवा. साधी कॅट ५ई केबल शंभर मीटरपर्यंत एक जीबीपीएस देते, त्यामुळे महागडी केबल घ्यायची गरज नाही, लांब घ्या फक्त.

पिंगबद्दल (गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळेबद्दल) एक हिशोब सांगतो म्हणजे उगाच कंपनीला शिव्या घालणार नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे सर्व्हर हजार किलोमीटरवर असेल तर जाऊन येऊन किमान १० मिलिसेकंद लागणारच, त्यावर रस्त्यातले वळसे वेगळे. नवं शहर सर्व्हरपासून लांब असेल तर पिंग वाढणार, कितीही मोठा प्लॅन घ्या. शूटर किंवा फायटिंग खेळणाऱ्यांना हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर पहिला महिना "माझा एम (नेम) गेला" म्हणून रडण्यात जातो. प्लॅन घेताना अपलोड किती हे पण विचारा, स्ट्रीम करत असाल तर नक्कीच.

अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही ती सीजीनॅट. नवीन कनेक्शन लागल्यावर राऊटरच्या पेजवर जाऊन वॅन आयपी (कंपनीने राऊटरला दिलेला पत्ता) बघा. तो १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मधला असेल, तर कंपनीने तुम्हाला बऱ्याच ग्राहकांबरोबर एकाच पत्त्यामागे कोंबलंय. मग पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरचं कनेक्शन राऊटरमधून आत सोडायची सेटिंग) कितीही करा, काही होत नाही, कन्सोल स्ट्रिक्ट नॅट किंवा नॅट टाईप ३ दाखवू शकतो, मित्राच्या लॉबीत जाता येत नाही, स्वतःचा सर्व्हर तर विसराच. मी दोन रात्री राऊटरच्या सेटिंगशी झगडलो होतो, तिसऱ्या दिवशी कस्टमर केअरला पब्लिक आयपी (फक्त आपला असा पत्ता) मागितला आणि काम झालं. थेट तेच मागा.

पॅकिंगला येऊ. पॅकर्सवाले माणसं चांगली असतात पण त्यांच्यासाठी कॅबिनेट म्हणजे एक चौकोनी जड वस्तू, ती आडवी-उभी-उलटी कशीही जाते. म्हणून आतला जड माल आधीच काढायचा. हल्लीची मोठी ग्राफिक कार्डं दोन किलोच्या आसपास जातात आणि ती एका स्लॉटला लटकलेली असतात, तीनशे किलोमीटरचे खड्डे खाल्ले की स्लॉट तुटतो किंवा कार्ड वाकतं. स्क्रू काढा, स्लॉटच्या टोकाची छोटी खिट्टी दाबा (ही न दाबता ओढणारे खूप आहेत), कार्ड सरळ बाहेर काढा आणि अँटीस्टॅटिक पिशवीत घालून मूळ खोक्यात ठेवा. मूळ खोकं टाकून दिलं असेल तर कपड्यांच्या बॅगेत मधोमध, चारी बाजूंनी स्वेटर. रिकामी खोकी माळ्यावर ठेवली म्हणून आयुष्यभर आईच्या शिव्या खाल्ल्या, शिफ्टिंगच्या दिवशी मात्र मी विजयी वीरासारखा खोकी उतरवत होतो.

प्रोसेसरवरचा मोठा टॉवर कूलर पण काढा, नॉक्टुआचा एनएच-डी१५ फॅन धरून १.३२ किलोचा आहे, विचार करा मदरबोर्डवर काय ताण येत असेल. पण थांबा. एएम४ सॉकेटचा रायझन (एएमडीचा प्रोसेसर) असेल तर थंड पीसीवर कूलर ओढू नका. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली वाळलेली थर्मल पेस्ट गोंदासारखी धरते आणि कूलरबरोबर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, पिना खालच्या बाजूला, आणि त्या वाकतात. माझ्या एका मित्राच्या अकरा पिना वाकल्या होत्या, आम्ही मायक्रोटिप पेन्सिलच्या टोकाने एकेक सरळ करत बसलो. आधी अर्धा तास एखादा जड गेम चालवा, पेस्ट गरम झाली की बंद करून, प्लग काढून, कूलर डावी-उजवीकडे हळूहळू फिरवत सोडवा. आणि नवी पेस्ट विकत घेऊन ठेवा, नाहीतर नव्या शहरात पहिल्या रात्री ती शोधत फिराल.

एसएमपीएस (पॉवर सप्लाय), रॅम वगैरे जागेवरच राहू दे. स्क्रू छोट्या पिशव्यांत, पिशवीवर नाव. मागच्या केबल्स काढायच्या आधी फोटो काढा. कन्सोलमधली डिस्क बाहेर काढा. कंट्रोलर असे ठेवा की स्टिकवर दाब येणार नाही, मी एक बॅगेत कोंबला होता, तो आजही नुसता ठेवला तरी डावीकडे चालतो. ओएलईडी टीव्ही उभाच न्यायचा, आडवा टाकायला निघाले की तिथेच उभं राहून थांबवा, भिडस्तपणा नको.

विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या चेक-इनला टाकायच्या नाहीत, त्या केबिनमध्येच. शंभर वॅट-तासांपर्यंत साधारणपणे वेगळी परवानगी लागत नाही, आणि स्टीम डेकची (हातात धरून खेळायचा छोटा पीसी) बॅटरी ४० आहे, ओएलईडी मॉडेलची ५०, म्हणजे तो आरामात हातात जातो. गेटवर फ्लाईट लेट झाली की त्याचं मोल कळतं.

आणि हो, गेममधली माणसं. गिल्डला, रेड ग्रुपला, रोजच्या स्क्वॉडला (म्हणजे ज्यांच्याबरोबर ठरवून खेळता त्यांना) आधी सांगा की दोन-तीन आठवडे नाहीये. फायनल फँटसी १४ मध्ये घर असेल तर जास्तच जपा, ४५ दिवस घरात पाऊल टाकलं नाही तर घर पाडायला काढतात. खरं घर बदलण्याच्या नादात गेममधलं घर गेलं असं व्हायला नको. ॲनिमल क्रॉसिंगमध्ये घर कोणी पाडत नाही, फक्त परत आल्यावर बेटभर तण आणि घरात झुरळं. ते चालतं.

पहिला आठवडा नेट नसणार हे गृहीतच धरा. "उद्या येतो" म्हणणारा माणूस उद्या येत नाही. म्हणून निघायच्या आधीच दोन-तीन ऑफलाईन गेम डाउनलोड करून, प्रत्येक गेम एकदा चालू करून, मग स्टीम ऑफलाईन मोडमध्ये टाकून बघा. इथे चालला तर तिथे चालेल. डिस्क आहे म्हणून निर्धास्त राहू नका, बऱ्याच डिस्कवर अख्खा गेम नसतोच. हॉटस्पॉटवर मॅच खेळायला डेटा फार लागत नाही, डेटा खातात ते अपडेट, त्यामुळे विंडोजमध्ये ते कनेक्शन मीटर्ड (मोजका डेटा असलेलं) करून ठेवा आणि स्टीमचे ऑटो अपडेट थांबवा. बॉल्डर्स गेट ३ ला १५० जीबी जागा लागते, एवढा डेटा ५० एमबीपीएसच्या चांगल्या लाईनवर उतरायला पण जवळपास पावणेसात तास लागतात, हॉटस्पॉटवर तर नादच सोडा. रूममेटकडे तोच गेम असेल तर स्टीममध्ये २०२३ पासून एकाच नेटवर्कवरच्या दुसऱ्या पीसीवरून फाईल्स घ्यायची सोय आहे, त्याला गोड बोला.

सामान आलं की लगेच बटण दाबायची घाई नको. थंडीतून उबदार खोलीत आलं असेल तर आत दव धरतं, चारेक तास तसंच राहू दे. मग भिंतीतलं सॉकेट, कॅबिनेटला हात लावल्यावर बोटांना मुंग्या आल्या तर अर्थिंग नाहीये, इलेक्ट्रिशियन येईपर्यंत पीसी लावू नका. सगळं जोडलं आणि स्क्रीन काळीच? मॉनिटरची केबल ग्राफिक कार्डात आहे की मदरबोर्डात ते बघा. मी या एका गोष्टीपायी दोन तास घाम गाळलाय, रॅम काढून घातली, भावाला फोन करून "कार्ड गेलं रे" म्हणून झालं, आणि केबल चुकीच्या भोकात. रिफ्रेश रेट पण तपासा, विंडोज गुपचूप ६० वर आणून ठेवतो.

माणसं जोडायचा भाग मात्र पीसी लावून सुटत नाही. जुन्या स्क्वॉडचं टायमिंग नव्या नोकरीत बसतंच असं नाही, आठवड्यातला एक वार पक्का ठरवा, रोजचं वचन देऊ नका. नवं शहर पायाखाली यावं म्हणून पोकेमॉन गो घेऊन फिरा, २०१६ चा गेम आहे पण चौक, पुतळे, बागा दाखवायला अजून झकास, दोन आठवड्यांत मला ऑफिसातल्या जुन्या लोकांपेक्षा जास्त गल्ल्या माहीत झाल्या. आणि फायटिंग गेमवाले शोधा. हे लोक अजूनही समोरासमोर बसून खेळायला जमतात, सुपर स्मॅश ब्रदर्स मेली तर २००१ चा गेम, त्याच्यासाठी माणसं अजून जुने डबडा टीव्ही उचलून आणतात, अशा लोकांत नवख्याला जागा पटकन मिळते. शोधायला शहराचं नाव आणि गेमचं नाव एवढं पुरतं. स्वतःचा कंट्रोलर न्या, हरलात तरी पुढच्या मॅचला थांबा, आणि निघताना कंट्रोलर त्यांच्या कन्सोलवरून अनपेअर करा. मी पहिल्याच दिवशी विसरलो, बॅगेत पीएस बटण दाबलं गेलं आणि तिकडे सेमीफायनलच्या शेवटच्या राउंडला मेनू उघडला. पुढच्या आठवड्यात गेलो तर दारातच सगळ्यांनी नावाने ओळखलं.