छंदाची साइट काढताय? निदान या चुका तरी टाळा

मांजरं, सिनेमे, जुने कॅमेरे, निवडुंग. ज्याला ज्याचं वेड, त्याने त्यावर स्वतःची साइट खुशाल काढावी, अशा मताची मी आहे. फक्त काढण्याआधी तासभर शांत बसून विचार करावा. तो कोणी करत नाही. रंग कोणता, फॉन्ट कोणता, वरच्या पट्टीतल्या मांजराचं तोंड डावीकडे की उजवीकडे, यात आठवडा जातो. डोमेन कोणाच्या नावावर आहे, फाइली कुठे आहेत, पासवर्ड कोणाकडे आहे, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "ते सगळं भाच्याने केलंय." मग काहीतरी बिघडतं आणि मला फोन येतो. बिघाडही बहुधा त्याच त्या ठिकाणी सापडतो.

"भाच्याने केलंय"

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलते.

डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कायमचं विकत मिळतच नाही. मुदतीवर मिळतं. डॉट कॉम एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येतं. आणि ते ज्याच्या खात्यात नोंदलेलं असतं, त्याच्या हाती त्याची दोरी. लेख कोणी लिहिले, रात्री जागून फोटो कोणी चढवले, याची नोंद विक्रेत्याकडे नसते.

माझ्या ओळखीच्या एक काकू मांजरांवर लिहायच्या. नुसते गोंडस फोटो नव्हेत, कामाचं लेखन. घरात नवं मांजर आणलं तर ते आधी वेगळ्या खोलीत ठेवायचं, मग दोघांना एकमेकांच्या वासाची फडकी द्यायची, मग दार बोटभर उघडायचं, घाई करायची नाही, असं पायरीपायरीने सांगितलेलं. बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतोय पण थेंबही येत नाही, तर सकाळची वाट न बघता लगेच डॉक्टरकडे न्या, हे ठळक अक्षरांत. लोक ते लेख एकमेकांना पाठवायचे.

डोमेन भाच्याने स्वतःच्या खात्यातून घेतलं होतं आणि संपर्कासाठी तेव्हाच्या ऑफिसचा ईमेल दिला होता. पुढे त्याने नोकरी सोडली, ऑफिसने तो ईमेल बंद केला. डोमेनच्या कारभाराचे नियम ठरवणारी आयकॅन ही संस्था आहे. तिच्या नियमानुसार मुदत संपण्याच्या साधारण महिनाभर आधी एक आणि आठवडाभर आधी एक अशा सूचना विक्रेत्याने पाठवायच्या असतात, शिवाय मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत आणखी एक. त्या गेल्या असणारच. वाचायला पलीकडे कोणी नव्हतं.

काकूंना पत्ता लागला तो एका वाचकाच्या निरोपामुळे. मला फोन करून म्हणाल्या, "अगं, माझ्या मांजरांच्या जागी जुगार आलाय!" उघडून बघितलं तर खरंच पत्त्यांचा आणि फिरत्या चाकांचा बाजार मांडलेला. जुनी, लोकांनी जागोजागी दुवे दिलेली डोमेन कधी सुटतात याकडे डोळे लावून बसलेली मंडळी असतात. त्यांना मांजरांशी काही देणंघेणं नसतं. ते आयते दुवे हवे असतात.

वेळेत कळलं असतं तर ते वाचलं असतं. डॉट कॉमचं असं असतं: मुदत संपल्यावर विक्रेता जास्तीत जास्त ४५ दिवस नेहमीच्या दराने नूतनीकरण करून देऊ शकतो. 'शकतो' म्हटलंय, काही जण याच काळात नावाचा लिलावही मांडतात. नाव रद्द झालं की ३० दिवसांचा रिडेम्प्शन काळ, त्यात वरचा दंड भरून परत मिळतं. त्यानंतर ५ दिवस कोणालाच काही करता येत नाही, आणि मग जो पहिला येईल त्याचं. काकूंचं नाव यातल्या सगळ्या पायऱ्या उतरून गेलं होतं. इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशीन जुन्या पानांच्या प्रती जपून ठेवतं, त्यातून लेख एकेक करून उतरवून घेतले. फोटो मात्र तिथे बरेचसे नव्हतेच.

भाचा वाईट नव्हता हो. त्याने फुकट मदत केली होती. पण फुकट आणि पटकन झालेल्या कामाचं कोणी कागदपत्र मागत नाही, इथेच सगळं अडतं.

माझी पद्धत सांगते, पटली तर घ्या. खातं स्वतःच्या नावाने, ईमेल स्वतःचा, आणि तो ईमेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेन संपलं की त्यावरचा ईमेलही बंद पडतो आणि खात्यात शिरायची वाटच बुजते. आपोआप नूतनीकरण चालू ठेवते, पण त्यावर विसंबत नाही, कारण कार्डाचीही मुदत संपते. फोनच्या कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीची आठवण असते. आणि घरातल्या एका माणसाला ठाऊक असतं की पासवर्डची वही कुठे आहे. हो, कागदाची वही. हसा खुशाल.

"माझ्याकडे दिसतो, साइटवर दिसत नाही"

फोटोबद्दलची ही तक्रार मला पाठ झाली आहे. पहिला संशय नावावर घ्या. विंडोजला फाइलच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल अक्षर सारखंच वाटतं. साइट ज्या सर्व्हरवर असते तो बहुधा लिनक्सवर चालतो, आणि त्याला ती दोन वेगळी नावं वाटतात. कॅमेरे नावाच्या शेवटचं जेपीजी बऱ्याचदा कॅपिटलमध्ये लिहितात, तुम्ही पानावर स्मॉलमध्ये लिहिता, आणि फोटोच्या जागी फाटक्या चौकटीचं चित्र येतं. चढवण्याआधीच सगळी नावं स्मॉल करा, मोकळ्या जागांच्या ऐवजी आडवी रेघ घाला. मी तर फोटो कॉम्प्युटरवर घेतला की सगळ्यात आधी हेच करते, भाजी आणली की निवडून ठेवावी तसं.

तेवढ्याने सुटलं नाही तर त्या फाटक्या चौकटीवर उजवी क्लिक करून चित्र नव्या टॅबमध्ये उघडा आणि वरचा पत्ता वाचा. अंदाज बांधत बसण्यापेक्षा वाचा. पत्ता सी ड्राइव्हपासून सुरू होत असेल, तर तुम्ही जगाला तुमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचा पत्ता दिलाय. पत्त्याच्या शेवटी एचईआयसी असेल, तर तो आयफोनचा फोटो आहे. २०१७ पासून आयफोन हा प्रकार वापरतात आणि बरेच ब्राउझर तो दाखवत नाहीत. जेपीजी करून चढवा. पत्ता भलत्याच साइटचा असेल, तर तुम्ही दुसऱ्याच्या घरातला फोटो स्वतःच्या भिंतीवर दाखवत होता आणि त्याने तो काढला. फोटो ठेवायची सोय देणाऱ्या फोटोबकेट या साइटने २०१७ मध्ये फुकट खात्यांतले फोटो इतर साइट्सवर दाखवणं बंद केलं, तेव्हा कितीतरी छंदिष्टांच्या पानांवर एका दिवसात फोटोंऐवजी पैसे भरायची पाटी लागली. आपले फोटो आपल्या साइटच्या फोल्डरमध्येच ठेवा.

फोटो दिसतो पण पान रांगत उघडतं, ही पुढची तक्रार. फोनचा बारा मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. पानावर त्याला जागा असते आठशेची. "मी लहान केला की," असं म्हणतात; केलेलं असतं ते कोपरा धरून ओढणं. त्याने फोटो दिसायला लहान होतो, फाइल तेवढीच राहते आणि वाचकाचा डेटा तेवढाच जळतो. फाइलच लहान करा. रुंदी १६०० पुरते.

अर्ध्यात तुटलेला लेख

सिनेमांवर लिहिणाऱ्या एका मुलाचं परीक्षण दुसऱ्या परिच्छेदानंतर गायब व्हायचं. त्याने तीनदा नव्याने टाइप केलं, मग थीम, म्हणजे साइटचं तयार रूप, बदललं, मग आठ-दहा प्लगइन, म्हणजे वरून जोडलेल्या सोयी, काढून पुन्हा घातले. एव्हाना साइटचा मूळ आजार कुठला आणि उपचाराने जडलेला कुठला हेच कळेना. मी फक्त विचारलं, "तुटतो तिथे पुढे काय आहे?" पॉपकॉर्नचा इमोजी होता.

कारण असं. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणारी पद्धत. तो साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट (साठवणीचं छोटं माप) लागतात, इमोजींना बहुतेक वेळा चार. साइटचा मजकूर जिथे साठतो त्या मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमध्ये नुसतं 'यूटीएफ-८' म्हणून जे मिळायचं, त्यात तीनच बाइटांची सोय होती. त्यामुळे मराठी मजेत चालायचं आणि पॉपकॉर्न आला की जुन्या मांडणीत तिथून पुढचा मजकूर मुकाट कापला जायचा. चार बाइटांचा प्रकार त्यात २०१० मध्ये आला, पण आधीच्या किंवा कोणीतरी जुन्या सूचना बघून उभारलेल्या साइट्स तशाच राहिल्या. उपाय म्हणजे टेबलं यूटीएफ-८-एमबी-४ मध्ये बदलून घेणं, आणि त्याआधी डेटाबेसची प्रत काढणं. कापला गेलेला मजकूर मात्र परत येत नाही. तो साठवलाच गेलेला नसतो.

याचा भाऊ म्हणजे मराठीच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं येणं. तिथे मजकूर बहुतेक शाबूत असतो, फक्त तो चुकीच्या पद्धतीने वाचला जातो. पानाच्या कोडच्या वरच्या भागात यूटीएफ-८ लिहिलंय का ते बघा. आणि कृपा करून 'दुरुस्त करा' असं म्हणणारं पहिलं बटण दाबू नका. टोप्यावाली अक्षरं तशीच पुन्हा साठवली की बिघाडावर बिघाड चढतो, मग सोडवायला दुप्पट वेळ लागतो.

कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा युनिकोडआधीच्या फॉन्टांत टाइप केलेला जुना मजकूर चिकटवणाऱ्यांसाठी एकच वाक्य: तो आधी युनिकोडमध्ये बदला, नाहीतर तो फॉन्ट नसलेल्याला कचरा दिसेल आणि शोधणाऱ्याला कधीच सापडणार नाही.

प्राण्यांच्या फोटोंतून काय काय बाहेर जातं

फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात. सोफ्यावर झोपलेल्या कुत्र्याचा निष्पाप फोटो म्हणजे तुमच्या घराचा नकाशा. समाजमाध्यमं चढवताना ही माहिती बहुधा काढून टाकतात, म्हणून लोकांना सवय नसते. स्वतःच्या साइटवर ती काढायचं काम तुमचं. फाइलच्या गुणधर्मांत जाऊन काढता येते. कुत्र्याच्या पट्ट्यावरच्या बिल्ल्यावर फोन नंबर असतो, तोही जवळून घेतलेल्या फोटोत स्वच्छ वाचता येतो. आणि "तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय?" हा बँकांचा आणि ईमेलवाल्यांचा लाडका सुरक्षा-प्रश्न आहे. तुम्ही त्यावर अख्खी साइट काढली आहे. उत्तर खोटं ठेवा.

सिनेमावाल्यांना दोन शब्द

"या उन्हाळ्यातला सगळ्यात धमाल सिनेमा" असं लिहून वर्ष न घालणारे लोक मला समजत नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात ते वाक्य खोटं होतं. सिनेमाच्या नावापुढे वर्ष लिहा. 'अग्निपथ' म्हटलं की १९९० चा की २०१२ चा, हे वाचकाने ओळखायचं का? शेवट फोडणार असाल तर तशी सूचना शीर्षकाखालीच द्या, पाचव्या परिच्छेदात नको, आणि शेवटचं दृश्य वरचा फोटो म्हणून तर मुळीच नको. सिनेमातली चित्रं डझनाने उतरवून लावण्यापेक्षा निर्मात्यांनी अधिकृतपणे टाकलेला ट्रेलर जोडा.

बाकीचं भराभर

बॅकअप होस्टिंगवाला, म्हणजे साइटला सर्व्हरवर जागा देणारा, घेतो, हे खरं असेलही. तुमची प्रत तुमच्याकडे हवी आणि ती उघडून बघितलेली हवी. न उघडलेली प्रत मी धरतच नाही. फुकट साइट काढायची जागा असलेलं जिओसिटीज २६ ऑक्टोबर २००९ ला बंद झालं तेव्हा आधी महिनोन्‌महिने सूचना मिळाली होती, तरी लाखो पानांच्या मालकांनी काही उतरवून घेतलं नाही.

बदल केला आणि दिसत नाही? कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबा. ब्राउझर जुनी प्रत दाखवतोय.

पान उघडल्यावर आपोआप वाजणारं गाणं: नको.

"काम चालू आहे" असा फलक: पान तयार झाल्यावर चढवा.

पानांचे पत्ते उगाच बदलू नका. बदललेच तर जुन्यावरून नव्याकडे ३०१ ने, म्हणजे 'पत्ता कायमचा बदलला' असं ब्राउझरला सांगणाऱ्या सूचनेने, वळवा, नाहीतर लोकांनी दिलेले दुवे मेले.

एकाच वेळी एकच बदल करा, मग बघा, मग दुसरा. घाईत पाच गोष्टी बदलून "आता काय चुकलं?" विचारणाऱ्याला मी आधी त्यातल्या चार मागे घ्यायला लावते.

आणि थीम कोणती घ्यावी, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. कोणतीही घ्या. फक्त एकदा स्वस्तातल्या, जुन्या फोनवर आपलं पान उघडून मराठीची जोडाक्षरं नीट दिसतात का आणि वेलांट्या वरच्या ओळीत घुसत नाहीत ना, एवढं तपासा.