कार्टूनमधल्या कॅरेक्टरचं मन कसं वाचायचं

आधी मानसिक आजाराचं लेबल लावायची घाई करू नका, एकच कॅरेक्टर धरा आणि त्याचे चार-पाच एपिसोड नुसते बघा. विनी द पूमधला ईयोर, तो उदास गाढव, घ्या ना, शेपूट खिळ्याने ठोकलेलं, काटक्यांचं घर सारखं कोसळतं आणि तो मान खाली घालून परत उभं करतो, मला तर दरवेळी गलबलून येतं.

मग निकष लावा. डिस्थायमिया, म्हणजे दीर्घकाळ रेंगाळणारं नैराश्य, म्हणायला मोठ्या माणसात उदासी कमीत कमी 2 वर्षं, बहुतेक दिवस हवी, सोबत झोप बिघडणं, भूक बिघडणं, थकवा अशी किमान दोन लक्षणं, एका रडक्या सीनवरून काहीच ठरत नाही.

डोनाल्ड डक भडकतो तेव्हा आधी त्याला कोणी डिवचलं तेही लिहून ठेवा, कारण नुसता राग म्हणजे आजार नाही. आणि ईयोरला मित्र तसाच सोबत घेऊन जातात, तेही नोंदवाच.