हार्ट अटॅकमध्ये बीपी पडलं की या चुका टाळा

कॅज्युअल्टीत नर्सची नोकरी करताना एक वाक्य ऐकून ऐकून डोकं उठलंय: ‘काही नाही सिस्टर, बीपी लो झालं, लिंबू-मीठ-साखर पाजलंय.’ छातीवर दडपण, गार घाम, वरचं बीपी 90 च्या खाली, आणि म्हणे काही नाही! हृदयाचा पंपच दमलाय, तिथे सरबत काय करणार? उलटी होऊन ते श्वासनलिकेत गेलं तर नवीनच संकट. मधुमेह असेल तर छातीत दुखेलच असंही नाही. नुसता घाम आणि ग्लानी येते.

पण माझा खरा राग सॉर्बिट्रेटवर, म्हणजे छातीत दुखलं की जिभेखाली ठेवतात त्या गोळीवर. खिशात या गोळ्यांची स्ट्रिप असली की गावातला प्रत्येक जण हार्ट स्पेशालिस्ट. सत्तरीतल्या एका काकांना कुळागरात पोफळींना पाणी लावताना घाम फुटला, मळमळायला लागलं. शेजाऱ्याने आपली गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली. उतार पडेना, म्हणून दुसरी. मग गाडीत बसवायला उभं केलं, तर काका तिथेच कोसळले. आमच्याकडे आणलं तेव्हा वरचं बीपी 70, हात गारठलेले. ईसीजीत हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक. छातीच्या उजव्या बाजूला लीड (ईसीजीच्या वायरी) लावून पुन्हा काढला, तर हृदयाचा उजवा कप्पाही अटॅकात सापडलेला. हा दुखावलेला कप्पा शिरांतून परत येणाऱ्या रक्ताच्या भरवशावर चालतो. सॉर्बिट्रेट शिरा सैल करते, रक्त मागेच राहतं आणि बीपी धाडकन पडतं. डॉक्टरांनी सलाईन जपून सोडलं, बीपी नव्वदीपार आल्यावर गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात पाठवलं. काका वाचले. शेजारी अजून सांगत फिरतो, ‘माझ्या गोळीनं तारलं!’

व्हायग्रासारखी गोळी घेतली असेल तर लाज गुंडाळून ठेवा आणि सांगा. तिच्यावर सॉर्बिट्रेट पडली तर बीपी सावरणं कठीण.

घरी कुणाला तरी बोलावून सलाईन लावू नका. हृदयाची डावी बाजू दमलेली असेल तर तेच पाणी फुफ्फुसात भरतं.

सकाळची बीपीची गोळी ‘चुकायला नको’ म्हणून त्याच वेळी देणारेही भेटतात. कपाळाला हात!

‘105 आहे, नॉर्मल आहे’ असंही म्हणू नका. ज्याचं रोज 160 असतं त्याचं 105 म्हणजे पडलेलंच. माझ्या सासूबाईंचं नेहमीचं बीपी आणि गोळ्यांची नावं मी फ्रिजवर चिकटवून ठेवलीत.

मशीनवर एरर आला की लोक सेल शोधत बसतात. त्यापेक्षा हात लावून बघा, नाव विचारा. हात गार आणि उत्तर असंबद्ध असेल तर लगेच 108. चक्कर येत असेल तर आडवं करा, धाप असेल तर टेकून बसवा, स्वतः चालू देऊ नका. अ‍ॅस्पिरिन द्यायची का, ते त्याच फोनवर विचारा. आणि एकाला तिठ्यावर उभं करा. आमच्या वाड्यांतल्या वाटा ड्रायव्हरला रात्री सापडत नाहीत.