कंट्रोलरचा दिवा लागतो, पण गेममध्ये बटणं चालत नाहीत?

आधी यूएसबी केबल बदलून बघा. काही केबलींतून नुसतं चार्जिंग होतं, डेटा जात नाही.

तरीही तेच असेल तर विंडोजमध्ये:

१. विंडोज आणि आर एकत्र दाबून 'joy.cpl' टाइप करा आणि एंटर दाबा. उघडलेल्या यादीत कंट्रोलरचं नाव आहे आणि प्रॉपर्टीजमध्ये बटणांना प्रतिसाद मिळतोय? मग ड्रायव्हरच्या (कंट्रोलर विंडोजला ओळखू देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मागे लागू नका. लॉजिटेक एफ३१० सारख्या कंट्रोलरला मागे एक्स आणि डी या दोन मोडमध्ये बदल करणारा खटका असतो, तो एक्सवर न्या. बहुतेक नवे गेम तेवढ्यावर ऐकतात.

२. नावच नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या उपकरणांची विंडोजमधली यादी) पिवळ्या त्रिकोणाच्या नोंदीवर राइट क्लिक करून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करा. केबल काढा, रीस्टार्ट करा, पुन्हा जोडा.

फुकटातले 'ड्रायव्हर अपडेटर' मात्र टाळा. नको ते सॉफ्टवेअर सोबत घुसतं.