गाळ्याचं भाडं थकलंय? वसुलीला निघण्याआधी या चुका टाळा

"वकीलसाहेब, मी शटरला माझंही कुलूप लावून आलेय." पुण्यातल्या पेठेतल्या एका गाळ्याच्या मालकीणबाई खुर्चीत बसायच्या आधीच हे बोलून गेल्या. यजमान गेल्यानंतर घर त्या एका गाळ्याच्या भाड्यावर चालत होतं आणि आठ महिने पैसे नव्हते. त्यांचा संताप पूर्ण रास्त होता. तरी माझं पहिलं वाक्य एवढंच होतं, "काकू, आधी जाऊन ते कुलूप काढा."

भाडं थकवणारा भाडेकरू दोषी असतोच. पण वसुलीच्या दाव्यांचं नुकसान बहुतेक वेळा कोर्टात पाऊल ठेवण्याआधीच झालेलं असतं, आणि ते मालकाच्याच हातून होतं. महाराष्ट्रातल्या दुकानं-ऑफिसांबाबत वारंवार दिसणाऱ्या या चुका.

कुलूप लावणं, वीज तोडणं, सामान बाहेर काढणं

भाडेकरूला कायदेशीर मार्गाशिवाय ताब्यातून काढलं, तर तो विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. त्या दाव्यात गाळा कुणाच्या मालकीचा, हा प्रश्नच येत नाही. ताबा कुणाकडे होता आणि तो कसा काढून घेतला, एवढंच बघतात. पाणी किंवा वीज बंद केली, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 29 आडवं येतं. मग आठ महिन्यांचं भाडं बुडवणारा माणूस फिर्यादी होतो आणि मालक उत्तरं देत बसतो. ‘वसुली करून देतो’ म्हणणारी माणसं मध्ये घातली, तर पोलीस केसही मालकावरच. कुलूप आधीच लावलं असेल, तर ते साक्षीदारांसमोर काढा, किल्ली भाडेकरूकडेच असल्याचं पत्र पाठवा आणि त्याची प्रत जपून ठेवा.

हिशेबाचा कच्चा आकडा नोटिशीत घालणं

काकूंकडे लाल पुठ्ठ्याची वही होती. त्यात पेन्सिलीने ‘मे – 20 दिले, बाकी पुढच्या महिन्यात’, ‘गणपतीनंतर देतो म्हणाला’ अशा नोंदी. पैसे मिळाल्याच्या तारखा अर्ध्या ठिकाणी नाहीत, पावत्या एकाही महिन्याच्या नाहीत.

घोडं पेंड खातं ते इथेच. समजा, भाडं महिना 60,000 आहे आणि भाडेकरू एक छोटी कंपनी आहे. ती 10 टक्के टीडीएस कापते, म्हणजे 6,000 सरकारजमा होतात. तुमची जीएसटी नोंदणी असेल, तर 18 टक्क्यांनी 10,800 वर येतात. बँकेत येणारी रक्कम 64,800. आता मालक जुन्या महिन्यांची बेरीज करताना ते 6,000 दरमहा ‘कमी आले’ म्हणून थकबाकीत धरतो. तो टीडीएस आयकर पोर्टलवर मालकाच्याच पॅनवर जमा दिसत असतो! भाडेकरूचा वकील तो उतारा कोर्टात ठेवतो आणि न्यायाधीशांपुढे मालकाचा सगळाच हिशेब संशयास्पद ठरतो. शिवाय जीएसटीचं बिल काढलं असेल, तर भाडं आलं नाही तरी कर वेळेवर भरावाच लागतो. म्हणून बिलं, विवरणपत्रं आणि थकबाकी यांचा मेळ आधीच बसवून ठेवा.

माझ्या मते वकिलाकडे जाण्याआधीचं सर्वात महत्त्वाचं काम हेच. एक तक्ता करा. महिना, ठरलेलं भाडं, जीएसटी, टीडीएस, मिळालेली रक्कम, तारीख, व्यवहार क्रमांक, बाकी. लाइट बिल, सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर हे करारात भाडेकरूवर टाकले असतील, तर वेगळ्या रकान्यात. हे सगळं भाड्यात मिसळून एकच फुगलेला आकडा मागितला, की नोटिशीवर पहिला वार तिथेच होतो. काकूंनी सांगितलेली थकबाकी बँकेच्या उताऱ्याशी ताडल्यावर जवळपास पाऊण महिन्याच्या भाड्याइतकी कमी भरली. त्यांनी खोटं काही सांगितलं नव्हतं, आठवणीवर भिस्त ठेवली होती.

कोणता कायदा लागू, हे न बघता नोटीस धाडणं

गाळा भाडे नियंत्रण कायद्याखाली असेल, तर थकबाकीच्या कारणावरून ताबा मागताना लेखी मागणीची नोटीस भाडेकरूला पोचल्यापासून 90 दिवस थांबावं लागतं. साठाव्या दिवशी घाईने लावलेला ताब्याचा दावा त्या कारणावर टिकत नाही. पुढे दावा लागला, तरी समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत भाडेकरूने सगळी थकबाकी सरळव्याजाने, वर्षाला 15 टक्के दराने, कोर्टात भरली, नंतरचं भाडं निकालापर्यंत नियमित भरलं आणि दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावर ताब्याचा हुकूमनामा मिळत नाही. मालकांना याचा राग येतो, पण आपला मूळ प्रश्न पैशांचा असेल तर पैसे व्याजासह येतात, हेही ध्यानात घ्या.

पण प्रत्येक व्यापारी जागा या कायद्याखाली येत नाही. बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि 1 कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या प्रायव्हेट किंवा पब्लिक लिमिटेड कंपन्या यांना दिलेल्या जागा कलम 3 ने बाहेर ठेवल्या आहेत. तिथे मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि तुमचा करार बोलतो. करारात वेगळं काही नसेल, तर महिन्याच्या भाडेपट्ट्याला कलम 106 ची 15 दिवसांची नोटीस. कंपनी कार्य मंत्रालयाच्या पोर्टलवर भाडेकरू कंपनीचं भागभांडवल बघायला पाच मिनिटंही लागत नाहीत. ती पाच मिनिटं न दिल्यामुळे चुकीची नोटीस गेलेली मी अनेकदा पाहिली आहे.

नोटीस करारातल्या नेमक्या नावाने काढा. दुकानाच्या पाटीवरचं नाव आणि करारातलं नाव बऱ्याचदा वेगळं असतं. भागीदारी असेल तर भागीदारांची नावं घाला. भाडेकरू वारला असेल तर मृताच्या नावाने नोटीस पाठवून काहीच साधत नाही. पोचपावती आणि परत आलेला लिफाफा दोन्ही जपा. लिफाफा फोडू नका.

‘अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी कशाला?’

हा गैरसमज अजून गेलेला नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर कराराच्या अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध करायचं ओझं मालकावर येतं. म्हणजे दरवर्षीची वाढ ठरली होती की नाही, हेच आधी भांडावं लागतं.

दुसरी गोष्ट लिव्ह अँड लायसन्सची. मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे झटपट अर्ज करून जागा मिळते, असं मालक ऐकून असतात. ती सोय भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 ची आहे आणि फक्त राहण्याच्या जागेसाठी आहे. दुकान-ऑफिसच्या लायसन्सला ती नाही. मुंबईत अशा वादासाठी धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयाची (स्मॉल कॉजेस कोर्टाची) पायरी चढावी लागते. करारात लवादाचं कलम घातलं म्हणून सुटका होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2009 मध्ये ताब्याचे असे वाद लघुवाद न्यायालयाच्याच अधिकारातले असल्याचं सांगितलं आहे.

भिडेखातर वर्षं जाऊ देणं

‘आपलाच माणूस आहे, आज ना उद्या देईल.’ थकलेल्या भाड्याच्या पैशांसाठी मुदत तीन वर्षं, आणि ती प्रत्येक महिन्याच्या भाड्याची वेगळी मोजतात. 2022 च्या जूनचं भाडं 2025 च्या जूननंतर मागायला गेलात, तर मुदतीचा मुद्दा येतो. मुदत संपायच्या आत भाडेकरूने सही करून बाकी कबूल केली, तर तिथून नवी मुदत सुरू होते. म्हणून वेळ द्यायचीच असेल, तर हप्त्यांचं पत्र त्याच्या सहीने घ्या. वेळ देण्यात काही चूक नाही. धंदा बसलेल्या माणसाला दोन महिने सांभाळून घेतलं तर माणूसही टिकतो आणि भाडंही येतं. फक्त ते कागदावर हवं.

डिपॉझिट मुकाट्याने थकबाकीत खपवू नका. ‘डिपॉझिट वळतं करून घ्या’ या तोंडी बोलण्यावर तर नकोच. आणि उलट टोकाची चूक म्हणजे रागाने आलेले पैसे नाकारणं. ‘मी द्यायला तयार होतो, मालकानेच घेतले नाहीत’ हा बचाव आपण स्वतः त्याच्या हातात देतो. पैसे घ्या, ‘हक्क राखून’ असं लिहून पावती द्या.

चेकच्या तारखा चुकवणं

चेक परत आला की बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या (चेक वगैरेंबाबतच्या कायद्याच्या) कलम 138 ची नोटीस. ती मिळाल्यावर भाडेकरूला 15 दिवस. तेही गेले की एक महिन्यात फौजदारी तक्रार. चेक 1,80,000 चा असेल आणि मधल्या काळात त्याने 50,000 भरले असतील, तर तोच चेक पूर्ण रकमेला टाकू नका. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे की मिळालेल्या रकमेची नोंद चेकवर न करता पूर्ण रक्कम वटवायला गेलं, तर 138 चा गुन्हा होत नाही. त्यापेक्षा उरलेल्या रकमेचा नवा चेक मागावा.

दावा लावून गप्प बसणं

निकालाला वेळ लागतो, पण तोवर भाडं थांबलंच पाहिजे असं नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत आपल्याकडे ऑर्डर 15-ए आहे. ताब्याच्या दाव्यात कोर्ट भाडेकरूला थकबाकी आणि चालू भाडं जमा करायला सांगू शकतं, न केल्यास त्याचा बचाव रद्द होऊ शकतो. हा अर्ज पहिल्याच टप्प्यावर द्यायला वकिलांना सांगा. भाडेकरू हरून अपिलात स्थगिती मागायला गेला, तर तिथे जुन्या भाड्याऐवजी बाजारभावाने रक्कम भरण्याची अट घालता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने आत्माराम प्रॉपर्टीजच्या निकालात सांगितलं आहे.

भाडेकरू कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली असेल, तर दावा आणि ताबा दोन्ही थबकतात. तेव्हा जाहीर नोटिशीतली तारीख बघून थकबाकीचा क्लेम ती प्रक्रिया चालवायला नेमलेल्या व्यावसायिकाकडे (रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे) वेळेत दाखल करा.

आणि हुकूमनामा हाती आल्यावर त्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त, म्हणजे वेगळा अर्ज, लावावी लागते. त्या वेळी बेलिफ विचारतो, जप्त काय करायचं? तोवर दुकान रिकामं झालेलं असतं. काकूंच्या बाबतीत उपयोगी पडला तो त्यांच्या मुलीने दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर काढून ठेवलेला एका चेकचा फोटो. त्यावर भाडेकरूचा खातेक्रमांक आणि शाखा स्पष्ट दिसत होती, आणि जप्तीचा अर्ज त्याच खात्यावर केला.