कूलंट सेन्सर सारखा जातोय? तिसरा आणायच्या आधी हे तपासा

कराडला हायवेलगत माझं ऑटो इलेक्ट्रिकचं काम चालतं. कुंभार्ली घाट चढून कोकणातनं येणाऱ्या गाड्या, उसाच्या पट्ट्यातल्या गाड्या, सीएनजी किट बसवलेल्या गाड्या, सगळं येतं. त्यात एक तक्रार ठरलेली: "कूलंटचा सेन्सर दोनदा बदलला, परत चेक लाइट लागली." अशा वेळी मी आधी विचारतो, काढलेले सेन्सर कुठायत? बहुतेकांनी फेकून दिलेले असतात. जे घेऊन येतात त्यांचे तपासले, तर निम्म्याहून जास्त ठणठणीत निघतात. म्हणजे सेन्सर गेलाच नव्हता, कोडमध्ये (गाडीने साठवलेल्या बिघाडाच्या नंबरात) त्याचं नाव आलं म्हणून त्याचा बळी गेला.

इंजिनच्या पाण्याचं, म्हणजे कूलंटचं, तापमान मोजणारा हा सेन्सर म्हणजे पितळी किंवा प्लॅस्टिकच्या टोपणात बसवलेला थर्मिस्टर, एवढंच. हलणारा भाग एकही नाही. पाणी तापलं की त्याचा रेझिस्टन्स उतरतो. बऱ्याच गाड्यांत २० अंशाला साधारण २,५०० ओहम, ४० ला १,२०० च्या आसपास, ८० ला सव्वातीनशे आणि १०० ला १९० च्या आत. काही गाड्यांत २० अंशाला साडेतीन हजारही दिसतो, म्हणून आपल्या गाडीचा तक्ता मिळाला तर उत्तम. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कंप्युटर, एका वायरीवर ५ व्होल्ट सोडतो, दुसरी वायर अर्थची. सेन्सर किती व्होल्ट खाली ओढतो त्यावरून ईसीयू तापमान ठरवतो. वायर तुटली तर पूर्ण ५ व्होल्ट राहतात आणि ईसीयूला वाटतं बाहेर सियाचीन आहे: उणे ४०. दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या तर शून्य व्होल्ट, आणि स्कॅनरवर १३० च्या पुढचा आकडा. दोन्ही वेळा ईसीयू आपला अंदाज धरून गाडी चालवतो आणि फॅन सुरू करून ठेवतो. "फॅन बंदच होत नाही, ॲव्हरेज पडलंय, एसी मधेच सुटतो" ही तक्रार तिथून येते.

हत्यारं फार लागत नाहीत. एक बरा मल्टीमीटर, ब्लूटूथवर चालणारा ओबीडी डोंगल, पाणी उकळायची किटली आणि स्वयंपाकघरातला थर्मामीटर. डोंगल स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लागतो, मोबाइलवर लाइव्ह डेटा दिसतो.

कोड आधी नीट वाचा, लगेच उडवू नका. पी०११७ म्हणजे व्होल्टेज फार खाली, शॉर्टकडे बघा. पी०११८ म्हणजे फार वर, तुटलेल्या वायरीकडे बघा. पी०११९ म्हणजे येतं-जातं, लूज कॉन्टॅक्ट. पी०११६ आला तर आकडा येतोय पण पटत नाहीये. आणि पी०१२८ आला असेल तर कृपा करून सेन्सरला हात लावू नका. तो कोड इंजिन वेळेत तापत नाही एवढंच सांगतो, आणि बहुतेक वेळा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलेला असतो. थर्मोस्टॅट खराब असताना सेन्सर बदललेल्या गाड्या माझ्याकडे नेहमी येतात. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम साठलेली असते, तीही लिहून घ्या: कोड आला तेव्हा स्पीड किती, आरपीएम किती, लोड किती. पुढे तीच कामाला येते.

आता तपासणी. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी स्टार्ट न करता फक्त चावी ऑन करा. कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान, दोन्ही आकडे बघा. गाडी पूर्ण थंड असताना दोन्हींत तीन-चार अंशांपेक्षा जास्त फरक असायला नको. मग चावी बंद करून सेन्सरचा कपलर (वायरीचा प्लग) काढा, पुन्हा ऑन करा. उणे ४० आलं पाहिजे. त्यानंतर कपलरच्या वायरीकडच्या दोन पिना पातळ वायरीच्या तुकड्याने जोडा. आकडा १३० च्या वर उडाला पाहिजे. दोन्ही झालं तर त्या घडीला वायरिंग आणि ईसीयू शाबूत आहेत. हे दोन पिनांच्या सेन्सरलाच करायचं. तीन-चार पिना असतील तर डायग्रामशिवाय काही जोडू नका, त्यात डॅशबोर्डवरच्या मीटरची वायर वेगळी असते.

सेन्सर काढलाच असेल तर किटलीत तपासा. टोक पाण्यात, पिना बाहेर, मल्टीमीटर ओहमवर. पाणी तापत जाईल तसा आकडा सलग उतरला पाहिजे, मधे उडी नको, अडकायला नको. उकळीला १०० धरू नका. आपल्याकडे कराड-पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ च्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला त्याहूनही दोन-अडीच अंश आधी. जुना सेन्सर आणि नवा सेन्सर शेजारी शेजारी टाकले तर आणखी सोपं. दोघांचे आकडे जुळले की जुन्याला क्लीन चिट.

या पुढचं बरेच फिटर बघत नाहीत, आणि माझ्या मते खरी गोम तिथंच असते. आकडा थंडीत चुकतोय की गरमीत?

समजा कपलरची पिन गंजली आणि वाटेत १०० ओहमचा फालतू रेझिस्टन्स आला. सकाळी सेन्सर स्वतः २,५०० वर असतो, त्यात १०० वाढले तर जेमतेम एखाद्या अंशाचा फरक, कुणाला कळणारही नाही. पण ९० अंशाला सेन्सर असतो २४० वर. तिथं १०० मिळवले की ३४० होतात, आणि ईसीयूला इंजिन ७८-७९ वर दिसतं. म्हणजे सकाळी बरोबर, गरम झाल्यावर कमी दाखवतो: पिन, क्रिम्प (पिन वायरीला दाबून बसवलेली जागा) किंवा वायर कुठेतरी कुजतीय. याउलट कपलरमध्ये ओल शिरून दोन पिनांमध्ये गळती झाली, समजा १० हजार ओहमची, तर थंडीत २,५०० चे २,००० होतात आणि सहा-सात अंश जास्त दिसतात. गरम झाल्यावर ती गळती नगण्य. म्हणजे सकाळी जास्त, गरम झाल्यावर बरोबर: कपलरमध्ये पाणी नाहीतर कूलंट. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम बॉनेट न उघडता होतं.

कूलंट कपलरमध्ये येतं कुठून? काही सेन्सर मधूनच पाझरतात. सिस्टिममध्ये प्रेशर असतं, टोकाच्या बाजूने आत शिरलेलं कूलंट पिनांमधून बाहेर येतं आणि तिथून वायरीच्या तारांमधून वर चढतं. नवा सेन्सर लावला तरी कपलर आणि वायर तशीच भिजलेली, मग नव्याच्याही पिना खराब. पिनांवर हिरवी पूड दिसली तर नुसता क्लीनर मारून भागत नाही. मागचं रबर सरकवून वायरीचं कव्हर बोटभर सोला. आतली तांब्याची तार चकचकीत असायला हवी. काळी पडली असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा, नवा पिगटेल कपलर (वायरीच्या तुकड्यासकट मिळणारा) सोल्डर करून वर गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. चिकटपट्टी गुंडाळून दिलेलं काम पावसाळ्यात परत येतं. आणि इंजिन बे प्रेशर पंपाने धुणं बंद करा. सर्व्हिसिंगनंतर आठवड्यात सेन्सर "जातो" तो त्यामुळे.

पाटणच्या एका सरांची पेट्रोल गाडी, वर सीएनजी किट. दुसऱ्या गॅरेजात दोन सेन्सर बदलून झाले होते. कोड पी०११८. इथं उभ्या गाडीत सगळ्या टेस्ट पास. फ्रीझ फ्रेम बघितली तर कोड दर वेळी कमी स्पीड, जास्त लोड: चढ. सरांना शेजारी बसवून हातात मोबाइल दिला आणि चढाला घातली. ग्राफवर ८८, ८८, ८९, आणि पापणी लवते तोवर उणे ४०, परत ८९. पाणी इतक्या झटकन थंड होत नसतं, तेव्हा ही वायरच. गॅरेजात आणून हारनेस, म्हणजे वायरींचा जुडगा, बोटांनी चाचपत गेलो. किट बसवणाऱ्याने प्लॅस्टिकच्या टायने वायरी गॅसच्या पाइपला करकचून आवळल्या होत्या, सैल जागाच नाही. चढाला इंजिन माउंटिंगवर कलतं, तेवढा ताण वायरीवर. कपलरपासून चार बोटांवर वायर ओढली तर ती च्युइंगगमसारखी लांबली. वरचं कव्हर अखंड, आतलं तांबं तुटलेलं. तुकडा बदलला, वायरीला थोडी ढील दिली, टाय काढून टाकला. सेन्सर त्यांचाच, दुसऱ्यांदा काढलेला, परत लावून दिला.

म्हणून येणं-जाणं असेल तर हलवून बघायचं. इंजिन चालू, लाइव्ह डेटाचा ग्राफ समोर, एकाने हारनेस जागोजागी दाबायचा, वाकवायचा, हलका ओढायचा. बेल्ट आणि फॅनपासून हात लांब, फॅन कधीही लागतो. उंदराचीही जागा बघा. ऊसतोडणी झाली की शेतातले उंदीर गाड्यांत शिरतात, आणि इंजिनच्या वरच्या बाजूच्या उबदार वायरी त्यांना फार आवडतात. लेंड्या दिसल्या की शोध तिथून सुरू करायचा.

अर्थ बघताना ओहमवर भरवसा ठेवू नका, व्होल्टेज ड्रॉप मोजा. इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर, मागची काच तापवायचा स्विच, सगळं ऑन. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिन ब्लॉकला. ०.१ व्होल्टच्या आत हवं. जास्त असेल तर इंजिन-बॉडीची अर्थ पट्टी गंजलीय किंवा क्लच-गिअरबॉक्सचं काम करताना कुणी लावायची विसरलंय. तसंच कपलरच्या अर्थ पिनेवरही मोजा, तिथं तर जवळजवळ शून्य हवं. ही अर्थ बऱ्याच गाड्यांत इतर सेन्सरांचीही असते, म्हणून तिथं घोळ असेल तर सोबत दुसरे विचित्र कोडही दिसतात.

अर्थ खराब असली की करंट वाट शोधत कूलंटमधूनही जातो, आणि मग सेन्सरचं टोक, रेडिएटर, हीटर कोअर सगळं कुरतडलं जातं. सेन्सरचं पितळ खड्डे पडलेलं दिसलं तर ही टेस्ट करा. इंजिन थंड असताना रेडिएटरचं टोपण उघडा, गरम असताना कधीच नाही. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल टोक नुसतं कूलंटमध्ये बुडवा, धातूला लागू देऊ नका. ०.१ व्होल्टच्या आत ठीक, ०.३ च्या वर गेलं तर गडबड. सगळं बंद असतानाही व्होल्टेज दिसलं तर कूलंट मेलंय, बदला. एखादी वस्तू ऑन केल्यावरच उडी मारली तर त्या वस्तूची अर्थ शोधा.

कूलंटवरून आठवलं, बोअरचं पाणी ओतू नका. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. सेन्सरच्या टोकावर पांढरा थर जमला की सेन्सर चांगला असूनही उशिरा आणि कमी सांगतो. डिस्टिल्ड पाणी आणि कंपनीच्या प्रमाणातलं कूलंट, किंवा सरळ तयार मिक्स घ्या. जुनं कूलंट अंगणात ओतू नका, ते गोडसर लागतं, कुत्री पितात आणि मरतात.

लेव्हल कमी असेल किंवा एअर लॉक झाला असेल तर टोक पाण्याऐवजी वाफेत लटकतं. मग आकडा पाच-सात अंशांनी खालीवर नाचतो. सीएनजीच्या रेड्युसरला (गॅसचं प्रेशर कमी करणाऱ्या भागाला) गरम पाणी द्यायला हीटरच्या पाइपात टी टाकतात, आणि एअर काढायचं राहून जातं. गाडीचं तोंड चढाला, हीटर पूर्ण गरमवर, एअर स्क्रू असेल तर सैल, आणि रेडिएटरचा खालचा पाइप तापेपर्यंत म्हणजे थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालू ठेवा. एअर काढूनही बुडबुडे थांबत नसतील तर हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि हेडमधलं पॅकिंग) बघा. तिथून येणारा गरम गॅस सेन्सरला खरोखरच मारतो.

नवा सेन्सर घ्यायचाच झाला तर पार्ट नंबर जुळवूनच. दिसायला सारखा, आटे सारखे, पण आतला तक्ता वेगळा, असे सेन्सर दुकानात भरपूर मिळतात. दुकानातच २५-३० अंशाला ओहम मोजून जुन्याशी ताडून बघा, दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी. जुन्या गाड्यांत डॅशबोर्डच्या मीटरसाठी एका वायरीचा सेन्सर असतो. त्याची अर्थ आट्यांतूनच जाते, त्यामुळे टेफलॉन टेप गुंडाळली की मीटर खोटं सांगतो. बसवताना इंजिन थंड हवं, वॉशर किंवा ओ-रिंग नवी, आणि पाना हलक्या हाताने. लांब दांड्याने आवळलं की बॉडी चिरते आणि पाझरणं सुरू.

एवढं सगळं करून कपलरवर ५ व्होल्टच येत नसतील, ईसीयूपर्यंतची वायर सलग असेल आणि अर्थ बरोबर असेल, तरच ईसीयूवर बोट ठेवा. त्याआधी ५ व्होल्टवर चालणारे बाकीचे सेन्सर एकेक करून काढून बघा. त्यातला एखादा शॉर्ट असेल तर काही गाड्यांत सगळ्यांचेच ५ व्होल्ट खाली जातात, आणि तो काढल्याबरोबर परत येतात. तसं झालं नाही तर ईसीयू उघडणाऱ्या माणसाकडे पाठवायची. मी पाठवतो तेव्हा सगळे मोजलेले आकडे कागदावर लिहून डब्याला चिकटवून देतो, म्हणजे तो पुन्हा सेन्सरपासून सुरू करत नाही.